साडेतीन मिनिटं

पास्कू मास्तरांच्या पेटाऱ्यातून माझ्याकडे दोन तबकड्या आल्या.
सिंफनी एकच. दुसरा भाग तोच, चेलोंनी उघडणारा.
एकीच्या पाकिटावर पेन्सिलीनं : ९ मि. १०.
दुसरीच्या : १२ मि. ४०.

मधली साडेतीन मिनिटं कुठून आली
हे त्यांनी मला तेराव्या वर्षी विचारलं,
आणि उत्तर न ऐकताच
धनुष्याला राळ घासायला बसवलं.

उभादांड्याला, चर्चच्या मागची खोली.
भिंतीला खाऱ्या हवेचे पोपडे,
खिडकीत सुपावर सुकत घातलेली सोलं.
मास्तर म्हणायचे, वरती काय लिहिलंय? आंदान्ते.
म्हणजे चालत.
पण कोणाच्या चालीनं, बाये?
बोट गाठायला बंदरावर निघालेल्याच्या
की माती देऊन परतणाऱ्याच्या?
कागदाला पाय नसतात.

पहिला ओहोटीचा माणूस.
पाणी मागे घेतो आणि सगळं उघडं पाडतो :
एरवी बुडणारी बासूनची ओळ,
व्हायोलांची शेवाळी कुजबुज,
खडकांवरली कालवंसुद्धा मोजून घ्यावीत इतकं लख्ख.
वाक्य संपतं तिथे थांबत नाही.
रडायचं असेल तर तुम्ही घरी जाऊन रडा.

दुसऱ्याचा आधी श्वास ऐकू येतो.
सूर नाही, नुसता श्वास, नाकातून, म्हाताऱ्याचा.
मग भरती.
खडक दिसत नाहीत त्याच्यात,
पण पाणी जिथे फुगतं तिथे
खाली काहीतरी आहे एवढं कळतं.
आठव्या मिनिटाला, हॉर्न एकटा पडतो तेव्हा,
प्रेक्षकांत कुणीतरी खोकतं.
पूर्वी चिडायचे.
आता त्या खोकल्याची वाट बघते.

मास्तर गेले तेव्हा मला वाटलं होतं, उत्तर सांगून जातील.
ते शेवटी फक्त सोलं आत घ्यायला सांगत होते.

एका संध्याकाळी बाबल गिरप आला, बांगड्यांची पिशवी घेऊन.
रपणीचा म्होरक्या. चाळीस माणसं दोर ओढतात,
हा वाळूवर उभा, हात रिकामे,
आणि जाळं त्याच्या मर्जीनं येतं.
म्हटलं, बस. दोन्ही ऐक.
खरं तर त्याला सांगायचं होतं मला
की इथेही नव्वद जणांत एकच माणूस असतो
ज्याच्या हातून आवाज निघत नाही.
पण तो आधीच डोळे मिटून बसलेला.
चहावर साय धरली.

उठताना म्हणाला,
"पयल्याक घराक जावची घाय आसा.
दुसऱ्याक जाळ्यात काय गावला ता म्हायती आसा,
म्हणान तो हळू वडता."

मला हे पटलं, आणि लगेच पटेनासं झालं.
पहिल्याला काय माहीत नसेल?
कदाचित त्याला नीट माहीत होतं,
आणि म्हणूनच घाई.

शिवाय त्या संध्याकाळी व्होल्टेज पडलं होतं.
आमच्याकडे सात वाजले की तबकडी सुस्तावते,
दोघंही अर्धा सूर खाली उतरतात,
म्हणजे वीजमंडळाचाही हात आहे यात.
मास्तरांनी वेळ लावली ती सकाळी की रात्री,
आता कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर गेले.
दोर ताणलेले. चाळीस पाठी वाकलेल्या.
बाबलचा हात वर,
अजून खाली आलेला नाही.
कुणी ओढत नाही. कुणी बोलत नाही.
एक पोरगं शिंकलं.

मनगटावर घड्याळ होतं माझ्या.
पेन्सिलही होती पिशवीत, कशी कोण जाणे.